कोडचे बाळबोध वळण

प्रोग्रामिंग शिकवणारी माणसे एकत्र जमली की वादाचे विषय बहुधा ठरलेले असतात. पहिली भाषा सी असावी की पायथन, आधी वहीत फ्लोचार्ट काढून घ्यावा की मुलांना थेट संगणकासमोर बसवावे, तयार नोट्स द्याव्यात की देऊ नयेत. या वादात कोणी फॉन्टचा विषय काढला, तर तो बोलणाऱ्याचा खासगी छंद समजून बाकीचे हसतात आणि पुढे जातात. साहित्याच्या व्यवहारात मात्र असे होत नाही. कवितासंग्रह कोणत्या टाइपात लावला, दोन ओळींत जागा किती सोडली, जोडाक्षरे उभी घेतली की आडवी, याकडे लक्ष देणारे वाचक आपल्याकडे अजून आहेत. म्हणून हा विषय इथे मांडताना मला संकोच वाटत नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे: शिकणाऱ्याला कोड कोणत्या फॉन्टात दाखवायचा हे ठरवणे शिक्षकाचे काम आहे, दुकानदाराचे किंवा योगायोगाचे नाही, आणि आज व्यावसायिकांमध्ये नावाजलेले जे फॉन्ट वर्गात आपोआप येऊन बसतात, त्यांतले काही सरावलेल्या डोळ्यांसाठी घडवलेले आहेत, नवशिक्या डोळ्यांसाठी नव्हे.

आधी हे पाहू की कोड वाचणे हे इतर वाचनापेक्षा वेगळे का आहे. कादंबरीत ‘दिन’च्या जागी ‘दीन’ पडले तर मुद्रितशोधक हळहळतो, पण वाचक अडत नाही. मागचापुढचा मजकूर त्याला सांभाळून घेतो. आपण अक्षरे सुटी सुटी वाचत नसतोच. शब्दाचा एकूण आकार आणि वाक्याचा रोख यांवरून डोळा पुढे सरकतो. प्रोग्राम हा मजकूर मात्र दोघे वाचतात, एक माणूस आणि दुसरे यंत्र. माणूस संदर्भाने वाचतो, यंत्राला संदर्भ कळत नाही. धाकट्या लिपीतला एल, मोठ्या लिपीतला आय, एकचा इंग्रजी आकडा आणि नुसती उभी रेघ या चार गोष्टी यंत्राच्या दृष्टीने एकमेकींच्या कोणीच लागत नाहीत. माणसाच्या डोळ्याला, अनेक फॉन्टांत, त्या चौघी सख्ख्या बहिणी वाटतात. मोठा ओ आणि शून्य, स्वल्पविराम आणि पूर्णविराम, अपूर्णविराम आणि अर्धविराम, गोल कंस आणि महिरपी कंस, अशा आणखी जोड्या आहेत. अनुभवी प्रोग्रामर यांतून सहज वाट काढतो, कारण कुठे काय यायला हवे हे त्याला ठाऊक असते. नवख्याला तेच तर ठाऊक नसते. जे समोर दिसते तेवढाच त्याचा आधार.

ही अडचण कल्पनेतली नाही याची साक्ष पायथन या भाषेच्या लेखनशैलीच्या अधिकृत नियमावलीतच मिळते. २००१ सालच्या या नियमावलीत असा सल्ला आहे की धाकटा एल, मोठा ओ आणि मोठा आय ही एकाक्षरी नावे कधीही वापरू नयेत, कारण काही फॉन्टांत ती एक आणि शून्य या आकड्यांपासून वेगळी ओळखू येत नाहीत. भाषा घडवणाऱ्यांनी फॉन्टच्या उणिवेपायी लिहिणाऱ्याच्या स्वातंत्र्यावर मर्यादा घातली, असा याचा अर्थ होतो. तरीही वर्गात हा मुद्दा निघत नाही.

मराठी वाचकाला ही गोष्ट समजावून घ्यायला परक्या उदाहरणाची गरज नाही. आपल्याकडे शतकानुशतके दोन लिपी शेजारी शेजारी नांदल्या. मोडी ही दफ्तरातली, कारकुनांची, घाईची लिपी. आधी ओळभर शिरोरेषा ओढायची, मग तिच्याखाली लेखणी शक्यतो न उचलता लिहीत जायचे. ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळायचा नाही, शब्द तोडून दाखवायचे नाहीत. सरावलेल्या कारकुनाला यातले काहीच अडत नसे, कारण हुकूम कसा असतो, हिशेब कसा असतो, पत्राचा मायना कसा असतो हे त्याच्या अंगात मुरलेले असे. दुसरी लिपी बाळबोध. तिच्या नावातच तिचे काम आहे: बाळाला बोध व्हावा अशी. प्रत्येक अक्षर स्वतंत्र, प्रत्येक मात्रा जागच्या जागी, वाचणाऱ्याला आधीपासून काही ठाऊक असायलाच हवे अशी अट नाही. छापील पुस्तकांनी मुख्यतः बाळबोध स्वीकारली ती याच गुणामुळे. मोडी वाईट आणि बाळबोध चांगली असा हा निवाडा नव्हे. मोडी वेगासाठी होती आणि तो वेग तिने दिला. पण ज्याला अजून वाचता येत नाही, त्याच्यासमोर आधी मोडीचा कागद कोणी ठेवत नसे. कोडच्या फॉन्टांतही मोडी वळणाचे आणि बाळबोध वळणाचे असे दोन प्रकार आहेत, आणि वर्गात कोणते वळण गिरवायचे हा प्रश्न त्यामुळे उभा राहतो.

कोडसाठी वापरले जाणारे जवळजवळ सगळे फॉन्ट समरुंदीचे असतात. म्हणजे आय आणि एम या दोन्ही अक्षरांना सारखीच जागा मिळते. ही पद्धत टंकयंत्रातून आली. यंत्राचा गाडा दर ठोक्याला तेवढाच सरकणार, म्हणून प्रत्येक अक्षराचे घर सारखे. त्यात छिद्रांच्या कार्डांची भर पडली: आयबीएमने १९२८ साली आणलेल्या कार्डावर ८० स्तंभ होते, आणि पुढे संगणकाच्या पडद्यावरही एका ओळीत ८० घरे हा रिवाज टिकला. आज यंत्राला या बंधनाची गरज उरलेली नाही. सी प्लस प्लसचे जनक ब्यार्न स्ट्रूस्ट्रूप यांनी आपल्या ग्रंथांत कोड कमीजास्त रुंदीच्या, पुस्तकी वळणाच्या टाइपात छापला आणि तो नीट वाचता येतो. पण शिकवताना समरुंदीची बाजू मला भक्कम वाटते. ओळी एकाखाली एक लागतात, समास किती घरे आत गेला हे मोजता येते, आणि पायथनसारख्या भाषेत समासालाच अर्थ असल्यामुळे ते मोजता येणे आवश्यक आहे. शिवाय बारीक चिन्हांना, म्हणजे टिंबाला, स्वल्पविरामाला, कंसाला, एरवी मिळते त्यापेक्षा अधिक जागा मिळते. कोडमध्ये सगळा कारभार या बारीक चिन्हांच्याच हाती असतो.

मात्र समरुंदीचा प्रत्येक फॉन्ट बाळबोध असतोच असे नाही. सर्वांत प्रसिद्ध उदाहरण कुरिअरचे. हॉवर्ड केटलर यांनी १९५०च्या दशकात आयबीएमच्या टंकयंत्रांसाठी तो घडवला. त्याचा संगणकी अवतार कुरिअर न्यू कित्येक वर्षे प्रयोगशाळांत, प्रश्नपत्रिकांत आणि जर्नलच्या छापील पानांत ठाण मांडून आहे. टंकयंत्राच्या जगात एल आणि एक यांचा फरक फार महत्त्वाचा नव्हता. कित्येक टंकयंत्रांवर एकच्या आकड्याची कळच नसे आणि टंकलेखक धाकट्या एलवर काम भागवत. पत्र वाचणारा माणूस होता, तो समजून घेई. कुरिअरने तो वारसा जपला आहे: एल आणि एक दोघांच्याही पायाशी तशीच पट्टी, डोक्याशी तसाच झेंडा, शून्याच्या पोटात काहीही खूण नाही. त्यात पडद्यावर त्याची रेघ इतकी बारीक दिसते की प्रोजेक्टरवर ती पांढऱ्या भिंतीत विरून जाते. कुरिअर न्यू ‘प्रोग्रामिंगचा फॉन्ट’ म्हणून सर्वत्र दिसतो. वर्गापुरते बोलायचे तर त्याला निवृत्त करायला हवे.

याउलट ज्याची आपण चेष्टा करतो, त्या टर्बो सीच्या निळ्या पडद्याकडे थोडे न्यायाने पाहू. महाराष्ट्रातल्या एका मोठ्या पिढीने प्रोग्रामिंगची धुळाक्षरे त्याच पडद्यावर गिरवली, आणि मूळ यंत्रणा कालबाह्य झाल्यावरही अनेक महाविद्यालयांनी तो सोडला नाही. ते कंपायलर शिकवणे आज समर्थनीय नाही. पण पडद्यावरची अक्षरे मात्र शिकवण्याला फार सोयीची होती. २५ ओळी, ८० घरे, निळ्यावर पिवळे, एकेक अक्षर ठसठशीत, शून्याच्या पोटात खूण. मागच्या बाकावरून कंस मोजता येत. तो फॉन्ट कोणी निवडलेला नव्हता, तो यंत्रातच कोरलेला होता. पुढे पडदे मोठे झाले, रंग वाढले, फॉन्ट निवडता येऊ लागले, आणि नेमके तेव्हा निवडण्याची जबाबदारी कोणाचीच राहिली नाही. आज प्रयोगशाळेत ज्या संगणकावर जे आपोआप येते ते असते. आणि शिक्षक स्वतःच्या लॅपटॉपवरून शिकवत असेल, तर त्याच्या आवडीचा फॉन्ट साऱ्या वर्गाचा होतो.

आवडीचा फॉन्ट म्हणजे हल्ली बहुधा जोडचिन्हांचा फॉन्ट. या प्रकाराला तंत्रज्ञ लिगेचर म्हणतात. उदाहरणार्थ फिरा कोड. मोझिलासाठी एरिक श्पीकरमान आणि सहकाऱ्यांनी घडवलेल्या फिरा या कुटुंबातून निकिता प्रोकोपोव्ह यांनी तो तयार केला. त्याची करामत अशी: तुम्ही उद्गारचिन्ह आणि बरोबरचे चिन्ह लागोपाठ टाइप केले, != असे, की पडद्यावर ≠ हे गणितातले चिन्ह दिसते. ‘लहान किंवा बरोबर’साठी दोन कळा दाबल्या की ≤ दिसते. उणे आणि ‘मोठे’चे चिन्ह मिळून बाण होतो. फाइलीत मूळची दोन चिन्हेच असतात, फक्त चित्र बदलते. जेटब्रेन्स मोनो (२०२०) आणि मायक्रोसॉफ्टचा कॅस्केडिया कोड (२०१९) यांतही हीच सोय आहे.

या हौसेला इतिहास आहे आणि तो हिणकस नाही. १९६० साली अल्गोल या भाषेचा अहवाल लिहिणाऱ्यांनी स्पष्टच म्हटले होते की भाषेची तीन रूपे असतील: एक प्रमाण रूप, एक छापण्याचे रूप आणि एक यंत्रावरचे रूप. प्रमाण रूपात ≠ आणि ≤ ही चिन्हे होती; ती यंत्रावर नसली तर ज्याने त्याने आपापली सोय करावी. फॉरट्रानने कार्डांवर चिन्हेच नसल्यामुळे टिंबांच्या मध्ये अक्षरे लिहून तीच गोष्ट सांगितली. पास्कलने ‘लहान’ आणि ‘मोठे’ ही चिन्हे शेजारी ठेवली, सीने उद्गारचिन्ह घेतले. म्हणजे ≠ हे मनातले चिन्ह आणि != ही हाताची तडजोड. जोडचिन्हांचा फॉन्ट हाताला न दुखवता मनातले चिन्ह डोळ्याला परत देतो. रोज आठ तास कोड वाचणाऱ्याला त्यात सुख वाटले तर ते खोटे नाही.

पण नवशिक्याच्या बाजूने पाहा. त्याने भिंतीवर ≠ पाहिले आणि तो कळफलकावर ती कळ शोधू लागला. ती नाही. शिक्षक सांगतात, उद्गारचिन्ह आणि बरोबर. त्याने तसे टाइप केले. त्याच्या संगणकावर साधा फॉन्ट असल्यामुळे ते वेगळे दिसले. आता आपले चुकले की बरोबर आले, हे ठरवायला त्याच्याजवळ काही साधन नाही. दोन बरोबरच्या चिन्हांचे तर आणखी वाईट. सी आणि पायथन शिकताना सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त वेळा सांगावा लागणारा भेद म्हणजे एका बरोबरने किंमत दिली जाते आणि दोन बरोबरांनी तुलना होते. सीमध्ये कंसातल्या अटीत दोनऐवजी एकच बरोबर लिहिले तरी प्रोग्राम चालतो आणि चुकीचे उत्तर देतो. फिरा कोडमध्ये दोन बरोबर जोडून त्यांचे एकच लांबट बरोबर होते. जो भेद संख्येचा होता तो लांबीचा झाला. ज्याला भेद ठाऊक आहे त्याला लांबी पुरते. ज्याला तो शिकायचा आहे त्याच्यापासून आपण मोजण्याची गोष्टच काढून घेतली.

आपल्या परीक्षापद्धतीमुळे या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. आपल्याकडे लेखी पेपरात मुले अजून हाताने कोड लिहितात. पडद्यावर जे पाहिले तेच हात कागदावर उतरवतो. उत्तरपत्रिकेत बाण आणि ≠ मी पाहिले आहेत. तपासणारा उदार असेल तर गुण मिळतात, काटेकोर असेल तर जातात, आणि दोघांच्याही बाजूने बोलता येते. मुलाने मात्र इमानेइतबारे आपल्याला दाखवले तेच लिहिलेले असते.

इथे एक आक्षेप येईल आणि तो मराठी माणसानेच घ्यावा असा आहे. आपली लिपी तर जोडाक्षरांवरच उभी आहे. क, हलन्ताची खूण आणि ष मिळून क्ष होतो. मूळ अक्षरे त्यात ओळखूही येत नाहीत. आपली पोरे हे सहा-सात वर्षांच्या वयात शिकतात, मग ≠ शिकायला काय हरकत? फरक उच्चारात आहे. क्ष म्हणताना कान क आणि ष ऐकतो. जोडाक्षर डोळ्याला मिटले तरी कानाने सोडवता येते, आणि शाळेत ते सोडवून दाखवले जाते. ≠ चा उच्चार ‘बरोबर नाही’ असा. त्यात उद्गारचिन्ह कुठेच ऐकू येत नाही. पण हा आक्षेप शिक्षकाला एक उपयोगी गोष्ट देऊन जातो. टाइप केलेले आणि दिसलेले यांत अंतर असते, हे मराठी मुलाला क्ष आणि ज्ञ यांच्यावरून चटकन समजावता येते. ‘मराठी’ या शब्दाची लांबी पायथनला विचारा: उत्तर पाच येते. मूल म्हणते तीन. मग म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी असे बोटांवर मोजून दाखवले की मजकूर आणि त्याचे चित्र या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे एका तासात पटते.

हे न पटल्याचे परिणाम आपल्या प्रकाशनव्यवहाराने सोसलेले आहेत. युनिकोड रुळण्याआधी आपले कित्येक अंक आणि पुस्तके अशा फॉन्टांत लागली, ज्यांत आत साठवलेल्या खुणा रोमन अक्षरांच्या किंवा भलत्याच चिन्हांच्या असत आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचा वेष चढवी. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की अख्खा लेख कचरा दिसे. चित्रालाच मजकूर मानल्याची ही किंमत होती. जोडचिन्हांचा फॉन्ट इतका फसवा नाही, त्याच्या खालचा मजकूर शाबूत असतो. पण शिकणाऱ्याच्या मनात तोच गोंधळ तो नव्याने पेरतो.

जोडचिन्हे नसलेल्या फॉन्टांतही एक सापळा राहतो, त्याकडे वेगळे लक्ष वेधायला हवे. पायथनमध्ये वर्ग, म्हणजे क्लास, लिहिताना ‘इनिट’ या शब्दाच्या आधी दोन आणि नंतर दोन अधोरेखा द्याव्या लागतात. बहुतेक फॉन्टांत लागोपाठच्या दोन अधोरेखा जोडून एकच लांब रेघ दिसते. माझ्या वर्गातल्या एका मुलीने दोन्हीकडे एकेकच रेघ दिली होती. तिला फळ्यावर तशीच दिसली होती. गंमत अशी की ही पायथनच्या दृष्टीने चूकच नाही. एकेका अधोरेखेचे नावही चालते, फक्त ते कधी आपोआप वापरले जात नाही. प्रोग्राम पुढे भलत्याच ओळीवर अडतो आणि संदेश येतो की या वर्गाला कोणतीही माहिती देता येत नाही. तिने ती ओळ तासभर तपासली. ओळ बरोबरच होती. शेवटी ती मला म्हणाली, ‘सर, मला हे ऑब्जेक्टचं डोक्यात शिरतच नाही.’ डोक्यात सगळे शिरलेले होते. रेघ जिथे तुटायला हवी तिथे तुटलेली दिसली नव्हती, एवढेच. अशा चुकीतून मूल ‘माझ्या नजरेने दगा दिला’ असा निष्कर्ष काढत नाही. ‘हे माझ्यासाठी नाही’ असा काढते. जी मुले घरात पहिल्यांदाच संगणकाला हात लावतात, ती हा निष्कर्ष फार लवकर काढतात. फॉन्टच्या प्रश्नात पणाला काय लागले आहे, तर हे.

यावर उत्तर देतात की मुलांना पुढे नोकरीत सगळ्या तऱ्हेचे फॉन्ट भेटणारच आहेत, आताच सवय होऊ द्या. पोहायला शिकवताना पहिल्या दिवशी पुरात सोडत नाहीत. सवय हळूहळू लावता येते: तिसऱ्या सत्रात फिरा कोड दाखवावा, त्याच्या मागची युक्ती सांगावी, ज्याला आवडेल त्याने घ्यावा. दुसरे उत्तर असे की चूक झाली तर यंत्र सांगतेच. वरच्या उदाहरणात यंत्राने काय सांगितले ते आपण पाहिले. यंत्राला जे दिसत नाही ते यंत्र सांगत नाही.

आता मराठीचा प्रश्न. २०२१मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्याची वाट मोकळी केली. त्याच्या बऱ्यावाईटाची चर्चा पुष्कळ झाली, पण एडिटरच्या पानावर मराठी कशी दिसते, हे कोणी पाहिलेले मला आढळले नाही. कोडसाठी नावाजलेल्या फॉन्टांत बहुधा देवनागरी नसतेच. मग संगणक ती दुसरीकडून उसनी आणतो. विंडोजवर ती निर्मला किंवा जुन्या काळी र. कृ. जोशी यांच्या मंगल या फॉन्टमधून येते. उसनी अक्षरे सारख्या रुंदीच्या घरांत बसत नाहीत. देवनागरीचा स्वभावच तसा नाही: काना आडवा वाढतो, वेलांटी मागे जाते, उकार खाली लोंबतो, जोडाक्षर पसरते. मराठी टंकयंत्रांनीही मात्रांसाठी गाडा न सरकवणाऱ्या कळा ठेवून कशीबशी तडजोड केली होती. एडिटरमध्ये परिणाम असा होतो की मराठी टिपण असलेली ओळ शेजारच्या ओळींशी जुळत नाही, ओळींतले अंतर कमी असेल तर उकार कापले जातात, आणि जुन्या काळ्या खिडकीत तर नुसते चौकोन येतात. मूल पाहते की इंग्रजी टिपण नीटनेटके दिसते आणि मराठी टिपण फाटक्या कपड्यासारखे. ते कोणी न सांगता इंग्रजीत लिहू लागते, आणि इंग्रजी येत नसेल तर टिपण लिहिणेच सोडते.

मराठी मजकूर आला की सारख्या दिसणाऱ्या चिन्हांची यादीही वाढते. विसर्ग आणि अपूर्णविराम हे मुद्रितशोधकांचे जुने दुखणे. मराठी कळफलक चालू असताना पायथनच्या ‘एल्स’नंतर चुकून विसर्ग पडला, तर पायथन विसर्गासकट तो सगळा शब्द एक नवे नाव म्हणून वाचतो आणि भलतीच तक्रार करतो. मराठी एक हा आकडा इंग्रजी नवासारखा, मराठी शून्य इंग्रजी ओसारखे. पायथनला अवतरणात ‘४२’ देऊन त्याचा पूर्णांक कर म्हटले तर तो करतो. तोच आकडा अवतरणाशिवाय थेट लिहिला तर नाकारतो. सर्वांत सूक्ष्म उदाहरण खास मराठीचे आहे. पायथन ३मध्ये चलाचे नाव देवनागरीत ठेवता येते. ‘पायऱ्या’ हे नाव घ्या. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकात नुक्ताधारी र असतो, दुसऱ्यात साधा र आणि एक अदृश्य जोडखूण. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे. पायथन पहिले रूप स्वीकारतो, दुसरे नाकारतो. जावास्क्रिप्ट दोन्ही स्वीकारते आणि त्यांना दोन वेगळी नावे समजते. इथे कोणताही फॉन्ट कामाला येत नाही. शिक्षकालाच हे ठाऊक असावे लागते. माझा आग्रह त्यामुळे मध्यममार्गी आहे: नावे रोमनमध्ये असू द्यावीत, पण टिपणे आणि वापरणाऱ्याला दिसणारा मजकूर पहिल्या दिवसापासून मराठीत लिहू द्यावा, आणि तो नीट दिसेल अशी सोय शिक्षकाने करावी.

सोय अवघड नाही. हल्लीच्या बहुतेक एडिटरांत फॉन्टची नावे क्रमाने देता येतात. पहिल्यात अक्षर सापडले नाही तर दुसऱ्यात शोधले जाते. पहिला रोमनसाठी, दुसरा देवनागरीसाठी ठेवावा. देवनागरीसाठी मुंबईच्या एक टाइप या गटाचा मुक्ता पुष्कळ चांगला आणि विनामूल्य आहे. ओळींतले अंतर नेहमीपेक्षा वाढवावे. रोमनसाठी विंडोजवर आयता मिळणारा कन्सोलास घ्यावा. लुकास दे ग्रोट यांनी तो घडवला; त्यात शून्यावर तिरपी रेघ आहे आणि एल, एक, आय वेगळे ओळखू येतात. लिनक्सच्या प्रयोगशाळेत देजावू सान्स मोनो हे काम चोख करतो. जेटब्रेन्स मोनो आवडत असेल तर त्याचे जोडचिन्हे नसलेले रूपही मिळते. कॅस्केडियाचे तसे रूप कॅस्केडिया मोनो या नावाने आहे. अमेरिकेतल्या ब्रेल इन्स्टिट्यूटने अधू दृष्टीच्या वाचकांसाठी २०१९मध्ये अ‍ॅटकिन्सन हायपरलेजिबल हा फॉन्ट काढला. सारखी दिसणारी अक्षरे एकमेकांपासून दूर नेणे हाच त्याचा उद्देश, आणि आता त्याचे समरुंदीचे रूपही आले आहे. मला तो वर्गासाठी सर्वांत आशादायक वाटतो. देखणेपणात तो कोणाला हरवणार नाही; अक्षरांची एकसारखी घडण मोडूनच त्याने स्पष्टपणा मिळवला आहे.

नावे बदलतील, नवे फॉन्ट येतील. म्हणून कसोटी हाताशी असलेली बरी. मी एक साधी परीक्षा घेतो, ती कोणालाही घेता येईल. भिंतीवर एक निरर्थक ओळ दाखवायची: त्यात एल, आय, एक, उभी रेघ, ओ, शून्य, दोन अधोरेखा, दोन बरोबर, तिन्ही प्रकारचे कंस, अपूर्णविराम, अर्धविराम, आणि अवतरणात एखादा ‘दुःख’सारखा विसर्गाचा मराठी शब्द. मागच्या बाकावरच्या मुलांना ती वहीत उतरवायला सांगायची. ओळ निरर्थक असल्यामुळे अंदाजाला वाव नसतो. वहीत चिन्हे कमी पडली किंवा बदलली, तर दोष फॉन्टचा, आकाराचा किंवा प्रोजेक्टरचा. तो दुरुस्त झाल्याशिवाय धडा सुरू करू नये. हीच परीक्षा छापील नोट्सनाही लावावी, कारण वर्ड आपण होऊन सरळ अवतरणांची वळणदार अवतरणे करते, आणि ती तशीच्या तशी एडिटरमध्ये आली की मूल पुन्हा अडते.

सुलेखनाचा तास शाळेतून गेला त्याला बराच काळ झाला. त्या तासाला मुलाचे अक्षर सुंदर होई की नाही कोण जाणे, पण प्रत्येक अक्षर कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे त्याला नक्की कळे. कोड शिकणाऱ्या मुलाला पहिली दोन सत्रे तेवढे कळण्याचा हक्क आहे. त्यानंतर त्याने खुशाल मोडीत लिहावे.